गांवची शाळा कीं तालुक्याची शाळा ?

(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून)

मृगाचा पाऊस तोंडावर आला म्हणजे आपला शेतकरी बियाण्याच्या बाबतींत किती चौकस होतो, हें या मासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, किती उगवले तें पाहावें, उगवण कमी भरली तर बी बदलावें किंवा पेरा दाट धरावा, हें तो कोणी न सांगतां करतो. पण त्याच पंधरवड्यांत घरचें सहा वर्षांचें मूल शाळेंत घालावयाचें असतें, आणि त्या कामीं मात्र शेजाऱ्याची जीप ज्या शाळेकडे जाते तीच शाळा उत्तम, असें समजून तो मोकळा होतो. वयाच्या 58 व्या वर्षीं महसूल खात्यांतून निवृत्त होऊन गेल्या वर्षीं मी गांवीं राहावयास आलों, आणि यंदा नातवास शाळेंत घालण्याचा प्रश्न आमच्याच घरांत निघाला. तेव्हां या विषयावर दोन शब्द लिहावे असें वाटलें. मी शिक्षणतज्ज्ञ नाहीं. माझें शिक्षण मराठी सातवीपर्यंतचें. पुढें जें कांहीं आलें तें कचेरीच्या दप्तरानें शिकविलें. परंतु या बाबतींत मीं एकदां चूक केलेली आहे, व ती चूक माझ्या एकट्याच्या पदरांत पडून राहिली नाहीं. म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार आहे असें मी समजतों.

प्रारंभींच एक मर्यादा सांगून ठेवतों. फी घेऊन चालणाऱ्या खासगी इंग्रजी शाळांचा विचार येथें केलेला नाहीं. तो ज्याच्या त्याच्या ऐपतीचा व आवडीचा प्रश्न आहे. आमच्या भागांत मध्यम शेतकऱ्यापुढें जी निवड असते ती बहुधा सार्वजनिक खर्चानें चालणाऱ्या शाळांमधलीच असते : गांवांतील जिल्हा परिषदेची शाळा, शेजारच्या मोठ्या गांवची केंद्रशाळा, तालुक्याच्या ठिकाणची सात-आठ शिक्षकांची शाळा, पांचवीपासून पुढें एखाद्या संस्थेचें अनुदानित हायस्कूल, आणि परीक्षा देऊन सहावीस मिळणारें नवोदय विद्यालय. यांत फीचा प्रश्न फारसा नाहीं. प्रश्न आहे तो अंतराचा, शिक्षकांचा आणि सोबतीचा.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 सालीं झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आला. त्याखालीं आपल्या राज्यानें जे नियम केले, त्यांत पहिली ते पांचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी असें ठरलें. यावरून पुष्कळांचा असा समज झाला आहे कीं, मूल जवळच्याच शाळेंत घातलें पाहिजे. तसें नाहीं. जवळ शाळा देणें हें सरकारचें कर्तव्य आहे. तीच पत्करणें हें पालकाचें कर्तव्य नव्हे. त्याच कायद्याच्या कलम 5 अन्वयें मूल एका शाळेंतून दुसऱ्या सरकारी अथवा अनुदानित शाळेंत नेण्याचा हक्क आहे, कारण कोणतेंहि असो. आणि मुख्याध्यापकानें दाखला ताबडतोब दिला पाहिजे. दाखला यावयास उशीर झाला एवढ्यावरून नव्या शाळेस प्रवेश नाकारतां येत नाहीं. आमच्या गांवच्या एका ऊसतोड मजुरास परगांवच्या शाळेकडे दाखल्यासाठीं तीन खेपा घालाव्या लागल्या. मीं हें कलम कागदावर उतरून त्याच्या हातीं दिलें, तेव्हां चौथ्या खेपेस काम झालें. तात्पर्य, निवडीचा हक्क आहे याविषयीं वाद नाहीं. तो हक्क केव्हां व काय पाहून वापरावा, येथें माझा आणि माझ्या बहुतेक शेजाऱ्यांचा मतभेद आहे.

2014 सालची गोष्ट. माझी धाकटी कन्या तिसरी पास होऊन चौथींत गेली. गांवच्या शाळेच्या पटावर तेव्हां 63 मुलें होतीं व तीन शिक्षक होते. शाळा वाईट नव्हती. मुलगी धडा घडाघडा वाची, वजाबाकी-भागाकार करी, गुरुजी वेळेवर येत. परंतु मी रोज मोटारसायकलीवर तहसील कचेरींत जात असें. तालुक्याची शाळा कचेरीपासून हाकेच्या अंतरावर. तेथें दुमजली इमारत होती, संगणकाची खोली होती, आणि कचेरींतील बहुतेक सोबत्यांचीं मुलें तेथेंच होतीं. कारकुनाची मुलगी गांवांत मजुरांच्या मुलांबरोबर एका पट्टीवर बसते हें, खरें सांगावयाचें तर, मला थोडें कमीपणाचें वाटे. हें कारण मीं त्या वेळीं कोणाजवळ बोलून दाखविलें नाहीं. तिकडे शिक्षण चांगलें आहे, एवढेंच सांगितलें. जूनमध्यें तिला नेलें. माझें पाहून भावकींतील दोघांनीं आपलीं तीन मुलें त्याच शाळेंत घातलीं व त्यांच्यासाठीं एक जीप ठरविली.

शाळेस शिक्षक किती द्यावयाचे हें 30 सप्टेंबरच्या पटावरून ठरतें. पहिली ते पांचवीस 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि 61 पासून 90 पर्यंत तीन, असा हिशेब कायद्याच्या परिशिष्टांत आहे. आमच्या शाळेचा पट त्या 30 सप्टेंबरला 59 भरला. संचमान्यतेंत तिसरें पद उडालें, आणि एक गुरुजी अतिरिक्त ठरून दुसऱ्या तालुक्यांत गेले. गणित शिकवावें तें त्यांनींच, असें लोक अजून म्हणतात. मागें राहिले पांच वर्ग आणि दोन शिक्षक. त्या दोघांपैकीं एकाकडे मुख्याध्यापकाचें काम, पोषण आहाराच्या नोंदी, वरून मागविलेली नाना प्रकारची माहिती, आणि निवडणूक जवळ आली म्हणजे मतदारयादी. (मतदारयादीच्या कामाचे आदेश आमच्याच कचेरींतून निघत, व त्यांपैकीं पुष्कळ मीं स्वतःच्या हातानें तयार केलेले आहेत. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक हीं कामें शिक्षकांस लावण्याची मुभा कलम 27 मध्यें आहे; म्हणून आदेश कायदेशीर होते. पण त्या दिवशीं वर्गावर कोण राहील हा विचार आदेश तयार करतांना माझ्या मनांत एकदांहि आला नाहीं.)

मग जें व्हावयाचें तें झालें. शिकविणें ढिलें पडलें. तें पाहून आणखी मुलें गेलीं. मुलें गेलीं म्हणून शाळा आणखी पडकी दिसूं लागली. आजमितीस पटावर 21 मुलें आहेत. यास मी एकटा कारण आहें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. गांवांत जन्मच कमी झाले, कांहीं कुटुंबें पुण्याकडे गेलीं, हेंहि खरें. परंतु 61 चा आंकडा मोडला तो आमच्या चार मुलांनीं, आणि तो मोडला तेव्हां शाळेचें कांहीं बिघडलेलें नव्हतें. बिघाड मागाहून आला. आतां ज्यांचीं मुलें जीपमध्यें बसून जातात ते लोक पारावर बसून गांवची शाळा कशी बिघडली तें सांगतात, व मी त्यांच्यांतच बसून ऐकतों.

मुलीस काय मिळालें तेंहि सांगितलें पाहिजे. तालुक्याची शाळा चांगली होती. तेथील शिक्षकांनीं मनापासून शिकविलें. मुलगी आज पदवीचें शिक्षण घेत आहे. पण चौदा किलोमीटर जाणें व चौदा किलोमीटर येणें, पावसाळ्यांत ओलें होऊन वर्गांत बसणें, आणि संध्याकाळीं जेवतां जेवतां ताटावरच डुलक्या घेणें, असें तिचें दोन वर्षें चाललें. ज्या गणितासाठीं तिला नेलें त्याचा अभ्यास घेण्यास ना तिच्यांत त्राण उरे ना माझ्यांत. शिवाय एक नुकसान असें झालें कीं, तें मला आधीं सुचावयास पाहिजे होतें, कारण तें माझ्या टेबलावरून गेलें.

नवोदय विद्यालयें बहुतेकांस ठाऊक आहेत. तीं 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतील. पहिलीं दोन 1985-86 सालीं निघालीं, एक हरयाणांत झज्जरला व दुसरें आपल्या अमरावतीस. एका विद्यालयांत सहावीस फार तर 80 मुलें घेतात, आणि त्यांतील निदान 75 टक्के जागा जिल्ह्यांतील ग्रामीण मुलांच्या असतात. शेतकऱ्याच्या हुशार मुलास याहून चांगली सार्वजनिक शाळा क्वचितच मिळेल. पण ग्रामीण म्हणजे कोण ? ज्याचा सातबारा गांवांत आहे तो नव्हे. ज्या मुलानें तिसरी, चौथी व पांचवी हे तीनहि वर्ग पूर्ण वर्षभर ग्रामीण भागांतील शाळेंत काढले तें मूल ग्रामीण. या तीन वर्षांत एक दिवस जरी तें शहरी हद्दींतील शाळेंत गेलेलें असलें तरी शहरी धरलें जातें. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचें धोरण शासनानें 2014 सालीं घेतलें, व आमच्या तालुक्याची अधिसूचना 2015 सालीं निघाली. ती अधिसूचना आवक नोंदवहींत मींच चढविली आणि संचिकेस लावली. पुढें मुलगी पांचवींत असतां नवोदयाचा अर्ज भरावयास बसलों, तेव्हां डोळे उघडले. घर गांवांत, जमीन गांवांत, खातें माझ्या नांवाचें, आणि मुलगी कागदोपत्रीं शहरची ! तिनें परीक्षा दिली व ती राहिली. ग्रामीण जागेवर ती खात्रीनें लागली असती असें मी म्हणत नाहीं. परंतु बापानें तिचा तो मार्ग न वाचतांच बंद केला, हें तिनें मला पुढें एकदां सांगितलें, आणि त्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. ज्या वाचकांचीं मुलें दुसरी-तिसरींत आहेत व ज्यांच्या मनांत नवोदय आहे, त्यांनीं शाळा बदलण्यापूर्वीं ती शाळा कोणत्या हद्दींत येते तें आधीं पाहावें.

गांवची शाळा ही मजुरांची शाळा, असें जें आतां आमच्या लोकांत बोललें जातें तें मला दप्तरी माणूस म्हणून आणखी एका कारणानें विपरीत वाटतें. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत मुंबई इलाख्यांत साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला, त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठीं व बाकीचा सडकांसाठीं होता. म्हणजे गांवच्या शाळेचे पहिले पैसे जमीन कसणारानें दिले. तोच पैसा कुणब्याच्या पोरांवर न लागतां वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर लागतो, अशी तक्रार महात्मा फुले यांनीं 1882 सालीं हंटर कमिशनपुढें मांडली. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं 1917 सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. 1 मे 1962 रोजीं जिल्हा परिषदा आल्या व शाळा त्यांच्याकडे गेल्या. साऱ्याच्या पावतीवर जिल्हा परिषद उपकराचा रकाना आला. आमच्या आजोबांनीं आणा दिला, त्यांच्या मुलांस शाळा पुरती मिळाली नाहीं. आम्हांस ती मिळाली. आणि आतां आम्ही ती भरल्या घरासारखी टाकून निघालों आहों.

यावर सुज्ञ वाचक विचारील कीं, माझें मूल हें काय शाळा टिकविण्याचें साधन आहे ? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर, नाहीं, असेंच दिलें पाहिजे. पट वाचावा म्हणून कोणीं आपल्या मुलाचीं चार वर्षें फुकट घालवूं नयेत. एकच शिक्षक, तोहि आठवड्यांतून दोन दिवस बैठकीस. तिसरींतील मुलास दुसरीचा धडा वाचतां येत नाहीं. मुलींस शौचालय नाहीं, अशी शाळा असेल व सांगून-सवरून सुधारत नसेल तर खुशाल दुसरी शाळा पाहावी. माझें म्हणणें इतकेंच कीं, आधीं पाहावें. एक सकाळ शाळेंत जाऊन बसावें. पदें किती मंजूर व भरलेलीं किती तें विचारावें. तिसरींतील एखाद्या मुलास जवळ बोलावून दुसरीच्या पुस्तकांतील अर्धें पान वाचावयास द्यावें. 'असर' या नांवानें 2005 पासून देशभर जी पाहणी होते तिच्यांतहि मुलांस असेंच वाचावयास देतात. मग तालुक्याच्या शाळेंत जाऊन तीच परीक्षा करावी. मीं 2014 सालीं दोहोंपैकीं एकाहि शाळेंत पुस्तक उघडून पाहिलें नव्हतें; इमारत पाहिली होती.

आणि जाण्यापूर्वीं बोलावें. प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिति असते. तींत तीन चतुर्थांश सभासद पालक व एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्या असें कायदा सांगतो. परंतु ज्याचें मूल त्या शाळेंत नाहीं तो पालक म्हणून समितींत कसा बसेल ? आमच्या गांवांत ज्यांच्या शब्दास पंचायत समितींत वजन आहे, गटशिक्षणाधिकारी ज्यांस खुर्ची देतात, त्यांचीं मुलें जीपमधून गेलीं. आणि समितींत राहिले ते ज्यांची रोजची मजुरी बुडते ते. दसऱ्यानंतर त्यांतील निम्मे कोयता घेऊन कारखान्याच्या रस्त्यास लागतात. रिकाम्या पदासाठीं तालुक्यास चकरा मारणार कोण ? शिरूर तालुक्यांतील वाबळेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा गांवकऱ्यांच्या साहाय्यानें इतकी नांवारूपास आली कीं बाहेरगांवचे पालक प्रवेशासाठीं रांग लावूं लागले. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या अशाच शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस 2020 सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हीं नांवें आमच्या पारावर मोबाइलमधून फिरतात, आणि त्यावर 'आपल्याकडे असें कोठें ?' म्हणून उसासा टाकणाऱ्या मनुष्याचें मूल आपल्याकडच्या शाळेंत नसतें.

पांचवीनंतर माझें मत बदलतें. त्या वयास मुलाचा कल थोडा कळूं लागतो, त्याचे पाय व पोट प्रवासास तयार होतात. प्रयोगशाळा असलेलें, विज्ञान-गणितास वेगळे शिक्षक असलेलें हायस्कूल लहान गांवांत असूं शकत नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 1919 सालीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था काढली व पुढें जागोजागीं वसतिगृहें आणि शाळा उभ्या केल्या. गांवाबाहेर पडून शिकण्याची ती वाट आपल्याच लोकांनीं पाडलेली आहे. त्या वेळीं गांव धरून बसण्यांत अर्थ नाहीं. विशेषतः मुलींच्या बाबतींत, शाळा लांब आहे म्हणून सातवी-आठवीवर थांबविण्याची चाल सुटली पाहिजे. पांचवीपासून बारावीपर्यंत ग्रामीण मुलींस अहिल्याबाई होळकरांच्या नांवाच्या योजनेखालीं एस. टी. चा पास मोफत मिळतो. मुलांसहि भाड्यांत दोन तृतीयांश सूट असते. गाडी वेळेवर नसेल तर आगारप्रमुखास दहा पालकांनीं मिळून अर्ज द्यावा, एकट्यानें देऊं नये. एकट्याचा अर्ज कसा संचिकेस लागून निजतो तें मीं पुष्कळ पाहिलें आहे.

लहान शाळांवर दुसरेंहि संकट आहे. सप्टेंबर 2023 मध्यें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्या अशी सूचना शिक्षण खात्यानें जिल्ह्यांकडे पाठविली. अशा शाळा राज्यांत चौदा हजारांहून अधिक भरल्या. नमुना म्हणून पानशेत व तोरणमाळ येथील शाळा दाखविल्या होत्या. मोठ्या शाळेंत खेळगडी अधिक, शिक्षक अधिक, हा त्यांतील मुद्दा खोटा नाहीं. परंतु सहा वर्षांचें पोर ओढा ओलांडून गाडींत बसवावयाचें, आणि ती गाडी बिलें थकल्यावर किती दिवस येईल, हा विचार ज्यांच्या घरीं स्वतःचें वाहन नाहीं त्यांनींच करावयाचा असतो. आमची शाळा 21 वर उभी आहे.

आतां घरची हकीकत सांगून संपवितों. चिरंजीव व सूनबाई यांचा विचार नातवास तालुक्यास घालण्याचा होता. मीं गांवच्या शाळेचा विषय काढला तेव्हां सूनबाई म्हणाली, "मामा, वन्संना तुम्हीं तिकडे नेलेंत, मग आमच्याच बाळाला इथें कां ठेवायचें ?" मला लगेच उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें शाळेंत जाऊन बसलों. बाई एकट्याच होत्या, दुसरें पद मार्चपासून रिकामें आहे. पांचहि वर्ग एका खोलींत होते. तिसरींतील एका ऊसतोड्याच्या मुलीनें दुसरीचा धडा न अडखळतां वाचला. चौथींतील एका मुलास तो वाचतां आला नाहीं. सूनबाईनें दोन्ही पाहिलें. घरीं आल्यावर ती म्हणाली कीं, बाईंचें शिकविणें चांगलें आहे, पण एकट्या बाई किती ठिकाणीं पुरतील ?

रिकामें पद भरण्याविषयीं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे. त्यावर चौदा पालकांच्या सह्या आहेत, त्यांपैकीं तीन अंगठे. पहिली सही सूनबाईची. अर्जाची पोंच घेऊन ठेविली आहे. भावकींतील एकानें आपला मुलगा जीपमधून काढून परत आणण्याचें कबूल केलें आहे, दुसऱ्यानें नाहीं. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल तेव्हां नातवाचें नांव गांवच्या पटावर घालावयाचें ठरलें. सूनबाईची अट अशी कीं, दिवाळीपर्यंत दुसरा शिक्षक आला नाहीं तर दाखला काढावा. ती मीं मान्य केली आहे.